आ करा, जीभ वर करा!

डॉक्टर मंडळी जेवायला एकत्र बसली की किस्से निघतातच. सर्जन मुतखड्याचा आकार बोटांनी दाखवतो, हाडांचा डॉक्टर कुणाचा पाय कसा वाकडा झाला होता ते ताटातल्या शेवग्याच्या शेंगेवर करून दाखवतो. मी मात्र गप्प बसतो. मी पडलो मानसोपचारवाला. माझ्या किश्श्यातला माणूस शेजारच्याच टेबलावर जेवत असायचा! नांदेड काही एवढं मोठं शहर नाही.

त्यामुळं होतं काय, की किस्से साठत जातात. वीस-बावीस वर्षं झाली. आता सांगितले नाहीत तर मलाच माझ्याकडं नंबर लावावा लागेल. नंबर तर लागलाच म्हणा. गेल्या वर्षी माझ्यावरच डोक्याची गोळी खायची वेळ आली, आणि लोकांना बावीस वर्षं "गोळी बंद करू नका" सांगणाऱ्या माणसानं काय केलं, हे शेवटी सांगतो. आधी दुसऱ्यांची फजिती, मग आपली, हा माणसाचा धर्मच आहे. नावं बदललीत, गावं इकडची तिकडं केलीत. कुणी ओळखू आलं तर कृपया ओळख दाखवू नका.

या सगळ्या किश्श्यांत एक बाई सारखी येणार आहे. सोनकांबळे सिस्टर. सरकारी दवाखान्याच्या मनोरुग्ण वॉर्डात सगळी नोकरी केली, रिटायर झाल्या आणि दुसऱ्या सोमवारी माझ्या क्लिनिकमध्ये येऊन म्हणाल्या, "साहेब, घरी बसून डोकं फिरून राहिलंय. कामावर घ्या, न्हाईतर पेशंट म्हून घ्या." मी कामावर घेतलं.

वॉर्डातली एक सवय त्या सोबत घेऊन आल्या. नव्या पेशंटनं पहिली गोळी त्यांच्यासमोर, उभ्यानं, पाण्याबरोबर घ्यायची. मग सिस्टर म्हणणार, "आ करा. जीभ वर करा. डावा गाल. उजवा गाल. जा आता."

मी पुष्कळ सांगून पाहिलं की अहो सिस्टर, हे वॉर्डात ठीक आहे, इथं चांगली शिकलीसवरली माणसं येतात, सगळ्यांची तोंडं कशाला तपासता? लोकांना राग येतो.

सिस्टर म्हणाल्या, "ज्यानं गिळली, त्याला राग येत न्हाई."

*

याचा अनुभव लवकरच आला. एक हेडमास्तर आले. नुकतेच रिटायर झालेले. आपण त्यांना गुरुजी म्हणू. चौतीस वर्षं शाळा चालवली आणि घरी बसल्यावर झोप गेली, भूक गेली, पेपर वाचता वाचता रडू यायला लागलं. मी तपासलं, गोळी लिहिली, तिची सवय लागत नाही हे तीनदा सांगितलं. गुरुजींनी मला उदासीनतेवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं आणि बाहेर गेले.

बाहेर सिस्टर पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या. गुरुजींनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्याले. "आ करा." केला. "जीभ वर करा." केली. पण चेहरा असा, की समोरच्याला आता छडी मिळणार!

सिस्टर थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुमची शाळा कोणत्या गावाला होती?"

गुरुजींनी हातानं खूण केली. तिकडं. लांब.

"किती वर्षं नोकरी झाली?"

गुरुजींनी बोटं दाखवायला सुरुवात केली. आता मला सांगा, जो माणूस डॉक्टरला दहा मिनिटं व्याख्यान देतो तो चौतीस आकडा बोटांवर कशाला दाखवेल? सिस्टर म्हणाल्या, "डावा गाल दाखवा."

गोळी तिथं होती. सिस्टरनी ती चिमटीत धरून सगळ्या वेटिंग रूमला दाखवली.

"गुरुजी, कॉपी पकडली!"

लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. दुसरी गोळी निमूटपणे गिळली, आणि त्यानंतर माझ्याकडं परत म्हणून आले नाहीत. मी सिस्टरवर चिडलो. एक चांगला पेशंट तुमच्यामुळं गेला म्हणालो. त्या दिवशी सिस्टरनी डबा तसाच परत नेला. गोळी लोकांना दाखवायला नको होती, हे त्यांनाही कळलं होतं. पुन्हा कधी त्यांनी तसं केलं नाही. तोंड तपासणं मात्र चालूच राहिलं.

*

आमच्या धंद्यात लिथियम म्हणून एक औषध आहे. जुनं आणि मोठं गुणाचं, पण त्याचं पथ्यपाणी वेगळं. रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं, पाणी भरपूर प्यावं लागतं आणि जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नसतं. मीठ तोडलं की हे औषध अंगात साठायला लागतं.

मुदखेडकडचा एक ट्रॅक्टर मेकॅनिक होता. लिथियमवर चार वर्षं एकदम झकास. एका उन्हाळ्यात त्याला घरच्यांनी धरून आणलं. हात थरथरतायत, पाय लटपटतायत, जीभ जड. भाऊ म्हणाला, "साहेब, ह्यानं जल्मात दारूला हात लावला न्हाई, आन् आता सकाळीच पिऊन राहिला!"

रक्त तपासलं तर लिथियम कुठल्या कुठं चढलेलं! भरती केलं, सलाईन लावलं, दोन दिवसांत माणूस ताळ्यावर आला. मग चौकशी. बायकोनं रडत रडत सांगितलं, शेजारणीच्या नवऱ्याला बीपी निघालं, शेजारीण म्हणाली मीठ लई वाईट, म्हणून हिनं काळजीपोटी घरातलं मीठच बंद केलं. आपल्या धन्याला काही होऊ नये म्हणून! मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, "ताई, ह्याला नेहमीसारखं मीठ घाला, पाणी पाजा. अधूनमधून लोणचं खाल्लं तरी चालेल."

झालं! पुढच्या आठवड्यात त्याच गावचे तिघं जण माझ्या दारात. तिघंही बीपीचे.

"साहेब, आमचा डॉक्टर लोणचं बंद कर म्हणतो. आमाला बी मेकॅनिकची गोळी द्या. जिच्यावर लोणचं चालतं ती!"

मी अर्धा तास समजावलं. त्याचं औषध वेगळं, तुमचा आजार वेगळा, तुम्ही मीठ कमीच करायचं. तिघांनी ऐकून घेतलं. उठताना त्यातला म्हातारा म्हणाला, "म्हंजी डोकं फिरल्याबिगर लोणचं न्हाई."

*

अहमदपूरचं एक कुटुंब. पंचविशीतला मुलगा. लोक माझ्यावर पाळत ठेवतात, मोबाईलमधून माझं बोलणं ऐकतात, म्हणून खोलीतून बाहेर पडेना. आईबाप त्याला न आणताच आले. आई म्हणाली, "साहेब, तो गोळी खायचा न्हाई. चहातून देऊ का?"

मी सांगितलं, असं चोरून देऊ नका. त्याला आधीच वाटतंय की सगळे फसवतात, त्यात आईच फसवायला लागली तर तो कुठं जाईल? आधी त्याला घेऊन या. माउलीनं मान हलवली. आमच्याकडं मान हलवणं म्हणजे ऐकणं, मान्य करणं नव्हे. आधी कुणीतरी दिलेल्या गोळ्या घरात होत्याच. त्या कुटून चहात चालू झाल्या.

तीन आठवड्यांनी माउली परत आली. "साहेब, पोराला काडीचा फरक न्हाई. पण त्याच्या बापाचं काहीतरी बघा. भावाशी बांधावरून रोज भांडायचे, ते बंद झालं. दुपारी पारावर बसल्या बसल्या झोपतेत. काल भावाला चहाला बोलावलं!"

मी कपाळावर हात मारला. पोराला तो चहा कडू लागायचा. तो आई आत वळली की आपला कप बापापुढं सरकवायचा. बाप दोन कप चहा मिळतो म्हणून खूश!

मी तिला सगळ्यांना घेऊन यायला सांगितलं. या वेळी मुलगा आला. मी त्याच्यासमोर सगळं उघड केलं, आईनं काय केलं, बापाचं काय झालं. म्हटलं, आता हा चिडणार, उठून जाणार. तो आईकडं वळून म्हणाला, "आई, तू मला सांगितलं असतंस तर मी खाल्ली असती की. चोरून कामून?"

सिस्टर ग्लास घेऊन आल्या, पोरानं गोळी घेतली आणि न सांगता आ केला.

दारातून बाहेर पडताना बाप मागं राहिला. हळूच म्हणाला, "साहेब, माझी बी चालू ठेवली तर काय होईल? भाऊ लई खूश हाय."

*

बिलोलीला दर दुसऱ्या गुरुवारी माझं शिबिर असतं. तेलंगणाची सीमा हाकेच्या अंतरावर, त्यामुळं पेशंट अर्धं मराठी, अर्धं तेलुगू बोलतात. तिथं पोशेट्टी नावाचा शिंपी यायचा. त्याला कानात दोन बायकांचे आवाज यायचे. दिवसभर शिव्या. बिचाऱ्याला मापं घेता येईनात. गिऱ्हाईक म्हणायचं छाती छत्तीस, आणि कानातली बाई म्हणायची हा चोर आहे. रोजची गोळी विसरायचा, म्हणून महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं.

तिसऱ्या महिन्यात विचारलं, "काय पोशेट्टी, आवाज येतात का?"

"येतेत साहेब. पण लई त्रास न्हाई."

"का बरं?"

"आधी तेलुगूत बोलायच्या. आता मराठीत बोलून राहिल्यात. त्यातनं ती तहसीलच्या कागदावरची मराठी. मला निम्मं कळत न्हाई. मी आपला मशीन मारत बसतो!"

मी पुस्तकं पुष्कळ वाचली, पण सुधारणेची ही पायरी कुठंच वाचली नव्हती. शिबिरात मी पोट धरून हसलो, पोशेट्टीही हसला. सिस्टरनी तर तो किस्सा वर्षभर पुरवून पुरवून वापरला. मला कंटाळा आलेला दिसला की दारातून म्हणायच्या, "साहेब, तहसीलची मराठी!" आणि मी हसायचो.

पुढं आवाज साफ गेले. पोशेट्टी म्हणाला, "दुकानात आता लई शांत शांत वाटतंय साहेब." मला उगाच काळजी वाटली. पुढच्या वेळी आला तेव्हा त्यानं दुकानात रेडिओ बसवला होता.

*

शॉक ट्रीटमेंट म्हटलं की लोक हातपाय गाळतात. सिनेमानं करून ठेवलंय सगळं. प्रत्यक्षात भूल देतात, माणूस झोपलेला असतो, काही सेकंदांचं काम, आणि ज्याला गोळी पोचत नाही अशा माणसाला ते मरणाच्या दारातून परत आणतं. हे मी रोज सांगतो. पण किशन लाईनमनच्या घरच्यांना सांगताना माझीही जीभ अडखळली.

किशननं वीस वर्षं खांबावर काढली होती. आता खाणं बंद, पिणं बंद, बोलणं बंद. आठ दिवस तोंडातून एक शब्द नाही, नुसता छताकडं बघत पडलेला. वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मोठा भाऊ म्हणाला, "साहेब, वीस वर्षं करंटपासून जपला त्याला. आन् आता तुमीच देणार?" पण किशनची बायको पुढं झाली. "द्या साहेब. माणूस डोळ्यादेखत जाऊन राहिला." तिनं सही केली.

किशनला आत नेलं. भूलतज्ज्ञ सुई भरून तयार. मशीनची वायर बोर्डात लावली आणि एवढ्यात स्ट्रेचरवरून खोल, घोगरा आवाज आला.

"अर्थिंग हाय का?"

आम्ही सगळे जागच्या जागी! आठ दिवसांनी माणूस बोलला होता. दाराबाहेर त्याच्या बायकोला ते ऐकू गेलं आणि ती तिथंच मटकन बसून रडायला लागली. मी किशनजवळ गेलो, म्हटलं, "आहे. बघायचंय का?" त्यानं मान वळवली, बोर्ड पाहिला, प्लग पाहिला. डोळे मिटले.

"मग द्या."

चौथ्या शॉकनंतर त्यानं ज्वारीची भाकरी मागितली. सहाव्यानंतर मला जवळ बोलावून म्हणाला, "साहेब, अर्थिंग बरोबर हाय, पण तुमच्या मीटरपाशी वायरिंग चुकलंय. एखाद्या दिवशी पेटंल." बरं होण्याची माझ्या दृष्टीनं याहून मोठी खूण नव्हती. घरी जायच्या दिवशी त्यानं आमचं वायरिंग स्वतः नीट केलं. अजून दर दिवाळीला येतो, आधी मीटर तपासतो आणि मग स्वतःला तपासून घेतो.

*

माझ्या टेबलाचा खालचा खण लग्नपत्रिकांनी भरलाय. पेशंट बरे होतात, त्यांची लग्नं होतात, आणि बाप पत्रिका घेऊन येतो.

असाच एक बाप आला. मुलीवर चार वर्षं माझे उपचार चालू होते, आता ती नोकरी करत होती. मुलाला तिनं आजार स्वतः सांगितला होता, माझ्यासमोर बसून. पोरगा समजूतदार. फक्त दोन्हीकडच्या पाहुण्यांना काही माहीत नव्हतं. बापानं पत्रिकेला कुंकू लावलं, माझ्या हातात दिली, आणि हात जोडले ते सोडेचना.

"साहेब, पहिली पत्रिका देवाला, दुसरी तुम्हाला. पण..."

"पण काय?"

"पण येऊ नका साहेब."

मी म्हटलं, अहो, त्यात काय, मला समजतं. खरंच समजतं. मी मांडवात दिसलो की लोक विचारणार, हे डॉक्टर तुमचे कसे काय ओळखीचे? मी अशा एकाही लग्नाला गेलेलो नाही. सिस्टर मात्र सगळ्या लग्नांना जातात! बाई माणूस, कुणाचीही मावशी असू शकते. माझ्या वाटचंही जेवून येतात आणि दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगतात. नवरी कशी दिसत होती, गोळी पर्समध्ये ठेवली होती की नाही, हेसुद्धा. आणि मग पत्रिका त्या खणात ठेवून देतात.

मी हसतो खरा, पण एखाद्या वेळी वाईट वाटतंच.

*

आता माझं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मला कळायला लागलं की काहीतरी बिघडलंय. पहाटे जाग यायची आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. चहा बेचव. पेशंट बोलत असताना मी घड्याळ बघायचो. कारण काही नव्हतं. बायको, मुलं, काम, सगळं ठीक. कारण असायलाच हवं असं नाही, हे मी रोज लोकांना सांगतो, पण स्वतःच्या बाबतीत मी तीन महिने कारण शोधत बसलो.

एक दिवस सिस्टर दारातून म्हणाल्या, "साहेब, तहसीलची मराठी!"

मी नुसतं बघितलं. हसू आलंच नाही.

सिस्टर आत आल्या. "पंधरा दिवस झाले, तुमी पोशेट्टीला हसला न्हाईत. तब्येत दाखवून या."

नांदेडात कुणाला दाखवणार? तासाभरात गावभर! मी लातूरला गेलो. तिथं माझा कॉलेजचा मित्र आहे, डॉक्टर बिराजदार, माझ्याच धंद्यातला. दुपारच्या वेळी, तोंडाला मास्क लावून, त्याच्या वेटिंग रूमच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ. त्यांच्याही तोंडाला मास्क. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं.

गुरुजी! कॉपीवाले!

"साहेब, तुमी इथं?"

"बीपी दाखवायला," मी म्हटलं.

"हाव हाव. मी बी बीपीचंच," गुरुजी म्हणाले. आणि समोर भिंतीवर लिहिलेलं 'मानसोपचार केंद्र' आम्ही दोघांनी मोठ्या लक्षपूर्वक वाचलं.

बिराजदारनं मला मी जे सांगतो तेच सांगितलं. गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळेल, मनानं बंद करायची नाही. मी मान हलवली. माझे पेशंट हलवतात तशीच. गोळ्यांचं पाकीट घेऊन नांदेडला आलो आणि खालच्या खणात, पत्रिकांच्या खाली ठेवून दिलं. बायकोला सांगितलं क्लिनिकमध्ये घेतो. उद्या कळलं की डोक्याचा डॉक्टरच डोक्याची गोळी खातो, तर माझ्याकडं कोण येईल? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! पण खरं सांगू का, मला भीती वाटत होती. मी तो दगड छातीवर घेऊन रोज तीस-चाळीस लोकांना धीर देत होतो, आणि हे असं किती दिवस चालेल ते मला माहीत नव्हतं.

सहा आठवड्यांनी परत लातूर. कोपऱ्यात परत गुरुजी. पण हे गुरुजी वेगळेच! मास्क नाही, दाढी गुळगुळीत, मांडीवर पेपर.

"साहेब, तुमचे उपकार झाले," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या त्या सिस्टरला टाळून मी इथं आलो. इथं कुणी तोंड उघडायला लावत न्हाई, म्हून मी इथल्या बी गोळ्या खात नव्हतो. पण त्या दिवशी तुमाला इथं बघितलं, आन् म्हणलं, डॉक्टर स्वतः घेतो तर गोळीत खोट न्हाई. त्या दिवसापासून चालू केली. आता झोप लागते. नातवाचा अभ्यास घेतो."

मी चांगलं झालं म्हटलं. गुरुजी माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिले. डोळे, दाढीचे खुंट, शर्टाचं चुकीचं लावलेलं बटण. चौतीस वर्षांची नजर होती ती.

"साहेब," ते म्हणाले, "वही घरी राहिली का?"

आत जाऊन मी बिराजदारला "घेतोय की" म्हणून सांगितलं.

*

पुढच्या सोमवारी सकाळी मी क्लिनिकला पोचलो तर दारात गुरुजी बसलेले. लातूरचे पेशंट नांदेडात, न बोलावता! मला नमस्कार केला, माझ्या मागोमाग आत आले, खुर्ची ओढून दाराशी बसले आणि सिस्टरना म्हणाले, "सिस्टर, साहेबांची वही तपासा."

मला वाटलं सिस्टर विचारतील, कसली वही? त्यांनी विचारलंच नाही. सरळ टेबलाच्या खालच्या खणापाशी गेल्या, पत्रिका बाजूला केल्या आणि पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं.

"महिनाभरापूर्वी पत्रिका ठेवायला गेले तवा दिसलं. तवापासून रोज सकाळी बघते. एक बी गोळी कमी न्हाई."

"मग बोलला का नाहीत?" मला राग आला होता.

"तुमी डॉक्टर हाव. म्हणलं, आपल्या हातानं काढतील." त्यांचे डोळे भरून आले. "वॉर्डात लई माणसं हातची गेली, साहेब. तुमी जायचं न्हाई."

माझा राग कुठल्या कुठं गेला. शरम वाटली, आणि फार दिवसांनी रडावंसं वाटलं. बाहेर पेशंट जमायला लागले होते. गुरुजींनी बसल्या बसल्या दार लोटून घेतलं. सिस्टरनी ग्लास भरला, एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी ती तोंडात टाकली, पाणी प्यालो.

"आ करा."

केला.

"जीभ वर करा."

केली. सिस्टर थांबल्या. इतक्या वर्षांचा मान आडवा आला असणार, साहेबांचे गाल काही त्यांच्यानं तपासवेनात. "जा आता" म्हणायचं ते "बसा आता" म्हणाल्या आणि समाधानानं ग्लास घेऊन वळल्या.

दाराशी बसलेल्या गुरुजींनी मला विचारलं, "साहेब, तुमचं गाव कोणतं?"

मी हातानं खूण केली.

"सिस्टर," गुरुजी म्हणाले, "डावा गाल."